तळ्यावर गेलेले वडील

बुलढाण्याच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात महामाया प्रबंध मांडीवर घेऊन बसली होती. कॅनडातील एका समकालीन लेखिकेच्या तीन कथा व सात कविता यांचे विवेचन तिने दोन वर्षे खपून सिद्ध केले होते. घटकाभरात मौखिक परीक्षा व्हायची होती, आणि ती पार पडली तरच धाडच्या शाळेतील अध्यापिकेची जागा तिची होणार होती. पहाटे बीबी गावाहून एसटीत बसताना तिला भय नव्हते. ते आले शेजारी बसलेल्या रेणुकेच्या एका प्रश्नाने.

रेणुका तिची वर्गमैत्रीण. प्रबंध चाळता चाळता ती एका कवितेच्या विवेचनापाशी थबकली. “काऊन वं, हा बाप मेला कुठी?”

“तळ्यावर गेला न तो! पोरगी काठावर आकडे मोजत उभी राह्यते.”

“अवं येडे, तिकडं हिवाळ्यात तळं गोठते! बर्फावरून चालून राह्यला तो. लोकं तं गाड्या नेतात त्याच्यावरून. तुले काय वाटलं, धुणं घेऊन गेला?”

रेणुका खळखळून हसली. महामायेने मात्र प्रबंध ओढून घेऊन तळ्याची ओळ पुन्हा वाचली. आपल्याकडे माणूस तळ्यावर जातो म्हणजे काठापर्यंतच जातो. इंग्रजी ओळ वाचतानाही तिच्या मनाने तोच अर्थ निमूटपणे पुढे केला होता. पुढे वडील कवितेत दिसत नाहीत, म्हणून तिने त्यांना बुडवले होते. तिन्ही कथांतील अबोल बापही तिने त्याच शोकाच्या उजेडात वाचले होते. आणि तो मनुष्य मेलाच नव्हता!

“आता वं?” तिने विचारले.

“चूप राह्यजो. सरायनं तरी कुठी बर्फ पाह्यला?”

इतक्यात शिपायाने नाव पुकारले.

परीक्षक भगवंतराव बाहेरगावाहून आलेले, वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी मृदू स्वरात प्रबंधाचा गाभा विचारला. महामायेला रेणुकेचा सल्ला आठवला. गप्प राहिले तर निभावेल. बोलले तर दोन वर्षे पाण्यात.

“सर, माझी चूक झाली आहे,” ती म्हणाली. “वडील मेलेले नाहीत. तळे गोठलेले आहे, हे मला आत्ता बाहेर कळले.”

मार्गदर्शक शरयूताईंनी मान खाली घातली. भगवंतरावांनी चष्मा काढला. “मग ती मुलगी आकडे कशाला मोजते?”

हे उत्तर तिने पाठ केलेले नव्हते. स्वतःच्या भयातूनच शब्द आले. “बर्फ वडिलांना पेलेल की नाही, हे तिला ठाऊक नाही, सर. हाक मारावी तर ते गर्रकन वळतील, आणि त्या वळण्यानेच बर्फ फुटला तर? म्हणून ती नुसती मोजते. मोजणे थांबवायचीही तिला भीती वाटते.”

भगवंतरावांनी चष्मा पुन्हा चढवला.

“पदवी आज देता येणार नाही,” भगवंतराव अखेर म्हणाले. “सहा महिने घ्या. शोकाचा अर्थ काढून टाका आणि आता बोललात ते लिहा.”

धाडची जागा सहा महिने कोणी राखून ठेवणार नाही, हे तिला उमगले. तरी तेथेच उभ्या उभ्या तिने पेन काढले आणि त्या पानावरील ‘मृत्यू’ हा शब्द खोडला.