झाकणावरचा पंजा

मित्रांनो, धनाजीराव, त्यांचे चिरंजीव बळवंतराव आणि बळवंतरावांचे चिरंजीव गोविंदराव, या तिघांच्या तलवारी जिने सांभाळल्या, ती मी एक जुनी सागवानी पेटी आहे. बडोदे संस्थानच्या फौजेतील धनाजीरावांनी मला घडवून घेतले. दर दसऱ्याला शस्त्रपूजन आटोपले, की घरची सुवासिनी तेलात बुडवलेला पंजा माझ्या झाकणावर उमटवी. विधवेला तो मान नव्हता.

बळवंतरावांच्या पत्नी कौशल्याबाई. घरच्या एका लग्नात सरपण कमी पडले आणि माझ्यावर कुऱ्हाड उगारली गेली. बाई येऊन झाकणावर बसल्या. "आधी मला चुलीत घाला!" म्हणाल्या. माझा जीव वाचला. ते ऋण माझ्या शिरावर राहिले.

पुढे बळवंतराव गेले आणि बाईंचा मान संपला. तरीही दर दसऱ्याला, घर दुपारचे निजले, की त्या येत आणि झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, ठरलेल्या जागी, तेलाचा पंजा दाबून धरीत. माझे लाकूड ते तेल पीत गेले. त्या निवर्तल्यावरही दसऱ्याच्या दुपारी त्या कोपऱ्यावर हाताचा भार पडे. वर कोणीही नसे.

कालांतराने मी बडोद्याच्या वासणा भागातल्या फ्लॅटमध्ये आले आणि बाल्कनीत कांद्याच्या गोणीखाली दबून गेले. तेथून मला काढले कांचनने. ती गोविंदरावांच्या पत्नी राजेश्वरीबाई यांची सून. जुने लाकडी सामान रंगवून नवे करते. तिचा नवरा समरजित गतवर्षी आजारात गेला. तिने माझी भोके बुजवली, मला घासले, अस्तर दिले आणि वर मोरपंखी रंग चढवला.

"रंग दे खुशाल," राजेश्वरीबाईंनी बजावले, "पण दसऱ्याला हात मोहना उमटवील." मोहना ही त्यांची सुवासिनी लेक.

"आईसाहेब, घासायचं मी, रंगवायचं मी, आणि हात तेवढा नको?"

"रीत आहे. हे गेल्यापासून मी तरी कुठे लावला?"

कांचनने रंगाचा शेवटचा थर दिला. सकाळी पाहते तो कोपऱ्यातला रंग फुगून सुटलेला, आणि त्यातून एक पंजा वर आलेला.

"वहिनी, बराबर घासलं नाही ने तू!" मोहना आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली आणि हसली. "नाहीतर भूत आहे ने आत!"

कांचनने पुन्हा घासले, पुन्हा रंगवले. पंजा पुन्हा आला. आता मोहनाही हसली नाही.

"तेल खोल मुरलंय. तिथं रंग धरत नाही," कांचन म्हणाली. "पण ही करंगळी अशी वाकडी का?"

राजेश्वरीबाई चष्मा लावून वाकल्या आणि त्या करंगळीवरून बोट फिरवू लागल्या.

"सासूबाईंची करंगळी! नवी सून असताना दसऱ्याच्या एका दुपारी मी त्यांना या पेटीवर हात उमटवताना पाहिलं होतं. मला बघून नुसती मान हलवून 'सांगू नको' म्हणाल्या. मी कधीच कुणाला सांगितलं नाही." मग त्या कडाडल्या, "खबरदार, आता त्या जागेला कुणी रंग लावाल तर!"

दसरा आला. मोहनाच्या हातातली तेलाची वाटी राजेश्वरीबाईंनी काढून घेतली आणि कांचनपुढे धरली.

"बुडव हात. बघतेस काय? सासूबाईंच्या शेजारी उमटव."

कांचनचा पंजा माझ्यावर टेकला. मग राजेश्वरीबाईंनी आपली बाही मागे सारली. "सरक. माझाही राहिलाय."

मित्रांनो, जुने लाकूड जरूर घासा, जरूर रंगवा. पण त्यात मुरलेले माणूस वर येऊ पाहत असेल, तर त्याची वाट अडवू नका.

त्या दुपारी घर निजले. मी वाट पाहिली. मागच्या कोपऱ्यावर कोणाचाही भार पडला नाही. त्यांचा लपलेला पंजा मी उजेडात आणला होता; कौशल्याबाईंचे ऋण फिटले होते.