सात रुपयांचं अंबर

फणसवाडीची मंडळी रविवारी मला पाहायला येणार हे ठरलं, आणि आमच्या घरात नटायची घाई झाली ती माझ्या वडिलांना. मुलगी मी, नलू, मॅट्रिक झालेली. पण शनिवारी बाबांनी अत्तर आणलं ते स्वतःसाठी. करंगळीएवढी बाटली, आत मधाच्या रंगाचं अंबर, किंमत सात रुपये. त्याच सकाळी शेगडीवरचं दूध करपून गेलं, तरी शेजारी बसलेले बाबा खुशाल पेपर वाचत राहिले होते. त्यामुळे आई आधीच तापलेली.

"सात?" ती म्हणाली. "सात रुपयांचो धूप हाडलो असतो तर सगळा लालबाग घमघमला असता!"

"फणसवाडीची माणसां हाफिसातली," बाबा म्हणाले. "त्यांका गिरणीचो वास नको."

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. चाळीच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं हातभर अक्षरांत लिहिताना जो माणूस पोलिसांना भ्याला नाही, तो फणसवाडीला भीत होता. मला हसू आलं आणि रागही आला.

चाळीत गुपित राहत नाही, अत्तर तर नाहीच. शेजारचे धोंडूकाका आले, त्यांनी बाटली हुंगली आणि म्हणाले, "देवळाचा वास आहे. पाहुणे आरतीच म्हणायला लागतील."

"नाही हो, पेटीतल्या शालूचा आहे," समोरच्या रखमावहिनी म्हणाल्या. "पण भावोजी, बघायला नलूला येतायत ना? की तुम्हांला?"

आईने मात्र रीतसर परीक्षा घेतली. मनगटावर एक थेंब लावून ती शेगडीपुढे भाकऱ्या भाजायला बसली. चौथ्या भाकरीला तिने मनगट नाकाशी नेलं. "आधी औषधासारखो होतो. ऊब लागली तसो गोड झालो. वाईट नाय. पण चार रुपयांचो. तुमका कसो वाटता?"

बाबांनी बाटली उचलली, ओठांना लावली आणि सूं करून श्वास ओढला. साचेवाल्यांची सवयच ती. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सुताचं टोक ते तोंडानेच ओढून घेतात. अत्तर थेट जिभेवर गेलं. खोकून खोकून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे राजाराम, अत्तर आहे ते, धोटा नव्हे!" धोंडूकाका पोट धरून हसले. मीही हसले. आई हसली नाही.

शेजारीपाजारी निघून गेल्यावर तिने हळूच विचारलं, "तुमका वास येत नाय?"

बाबांनी बाटलीचं बूच फिरवून घट्ट बसवलं. "सात-आठ वर्सां झाली. कापसाचो तूस नाकात बसलो तो बसलो. बाकीचा जाऊं दे, पण माझ्याच अंगाक कसलो वास येता, ता माका कळत नाय. म्हणान भय वाटता."

मी जीभ चावली. मघाशी मीही त्यांना हसले होते, आता मला स्वतःचीच लाज वाटली.

"मी सांगतंय कसलो येता," आई म्हणाली. "मशिनीच्या तेलाचो. गोळीबाराच्या दिवसांत दारात उभी रवान मी त्याच वासाची वाट बघी होतंय. जिन्यात तो इलो की कळायचा, माणूस जितो घरी इलो. तो झाकूक सात रुपये दिलास?"

आणि बाटली तिने माझ्या हातात दिली. मला विचाराल तर ते अत्तर सात रुपयांच्या मोलाचं होतंच. दुसऱ्या दिवशी मी लावलेल्या थेंबाचा गोडवा संध्याकाळपर्यंत टिकला, आणि त्या रविवारी पाहायला आलेला माधव, आता माझा नवरा, हे आजही कबूल करतो.

रविवारी जिन्यावर पाहुण्यांची पावलं वाजली, तेव्हा धुतलेल्या सदऱ्यातले बाबा आईजवळ सरकले.

"अजून येता काय गो?"

आईने माझ्यादेखत, भर दुपारी, त्यांच्या खांद्याशी नाक नेलं.

"येता," ती म्हणाली. "आता दार उघडा."