काही जणांच्या मते

राजवट उलथली तेव्हा माझी आई सहा वर्षांची होती. तिच्या आईवडिलांना, म्हणजे राजाराणीला, गोळ्या घातल्या. वाड्यातल्या धोबिणीने तिला मळक्या चादरींच्या गाठोड्यात घालून बाहेर काढलं आणि पुढे लेक म्हणून वाढवलं. आईने टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. माझ्याखेरीज कुणालाही तिने यातलं काही सांगितलं नाही.

त्या राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय. शेजारीण तिथे फिरायला गेली आणि तिने मोबाइलवरचे फोटो आम्हाला दाखवले. एका छोट्या पलंगाजवळ फलक होता : 'राजकन्या. वयाच्या सहाव्या वर्षी तापाने मृत्यू.'

"मला कधी आला ताप?" शेजारीण गेल्यावर आई म्हणाली. "चल, सांगून येऊ."

संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने आम्हाला चहा पाजला. "आजी, तुमच्याआधी अकरा जणी येऊन गेल्या. दोघींना तर वाडाच परत हवा होता."

"मला वाडा नको. मी मेले नाही, एवढंच लिहा."

"पुरावा?"

"रक्त तपासा."

"जुळवायचं कुणाशी? घराण्यात कुणी उरलंच नाही."

आई कप खाली ठेवून उठली. बसमध्ये मी म्हटलं, "जाऊ दे ना. काय फरक पडतो?"

"त्या बाईने माझ्यापायी जीव धोक्यात घातला," आई म्हणाली. "मी तापाने मेले, तर तिने काय केलं? कपडे धुतले?"

मग अर्जांचा रतीब सुरू झाला. आई सांगायची, मी लिहायचे. कधी साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. दीड वर्षाने पत्र आलं : दुरुस्ती मंजूर.

आई ठेवणीतली साडी नेसून निघाली. फलक खरंच नवा होता. 'वयाच्या सहाव्या वर्षी तापाने मृत्यू. काही जणांच्या मते ती बचावली.'

आईने तो दोनदा वाचला. तेवढ्यात घोळका घेऊन गाइड आला. "लोकांना अशा दंतकथा आवडतात," तो हसत म्हणाला.

"काही जणांच्या नाही," आई त्याला म्हणाली. "मी स्वतः सांगतेय."

"आजी, जरा बाजूला व्हा. मागच्यांना दिसत नाहीये."

मी तिचा दंड धरला. तिने तो झटक्यात सोडवून घेतला आणि तिथेच उभी राहिली. लोक तिला वळसा घालून फोटो काढत राहिले.