सहा महिने आणि एक मिनिट

भावजय व नणंद या दोघींनी मोबाइल ॲप घडविण्याचा स्वतंत्र व्यवसाय आरंभिला, तेव्हा त्यांना लाभलेले पहिले ग्राहक एक दंतवैद्य होते. रुग्णांना दर सहा महिन्यांनी दंततपासणीचे स्मरण करून देणारे ॲप त्यांना हवे होते. ते पसंत पडल्यास त्यांच्या सर्व शाखांचे काम मिळणार होते. न पडल्यास भावजयीला मोठ्या दिरांच्या कचेरीत, त्यांच्या अखंड उपदेशासह, परतावे लागणार होते.

ॲपची रूपे दोन: दोष शोधण्यासाठी घरात ठेवायचे डीबग आणि लोकांच्या हाती द्यायचे रिलीज. चाचणीसाठी सहा महिने थांबण्याइतका धीर कोणाजवळही नसल्याने डीबगमध्ये स्मरण दर मिनिटाला होई. मात्र दोन्हींचे नाव एक, चिन्हही एकच.

सकाळी नणंदेने सर्व रुग्णांना ॲप पाठविले. न्याहारी आटोपण्यापूर्वीच दंतवैद्यांचा फोन आला.

"बाई, दवाखान्यावर मोर्चा आलाय!"

भावजयीने नणंदेकडे पाहिले. "वन्सं, कुठलं पाठवलंत?"

"शेवटचं बनवलेलं."

"अहो, ते डीबग होतं!"

"मग त्याच्या कपाळावर लिहायचं! जुळ्यांना एकसारखे सदरे घालायचे आणि वर मलाच विचारायचं."

भावजयीने तत्काळ रिलीज रूप पाठविले आणि सबबी शोधण्याचा मोह आवरून दवाखाना गाठला. एक गृहस्थ फोन नाचवीत गर्जत होते, "न्हाणीघरात दात, साहेबांसमोर दात! काय चाललंय काय?"

त्यांच्या उघड्या मुखात विजेरी रोखून दंतवैद्य म्हणाले, "असेच ओरडत राहा. मागची दाढ किडलीय."

गृहस्थ गाल चाचपीत मुकाट्याने खुर्चीत बसले.

"चूक आमची," भावजय म्हणाली. "चाचणीचं रूप गेलं. आता सहा महिन्यांनीच वाजेल."

दंतवैद्यांचा चेहरा उतरला. "बोलावून बोलावून थकलो, ती माणसं आज आपल्या पायांनी आलीत! तेच ठेवा, सगळ्या शाखा तुमच्या."

भावजयीला दिरांची कचेरी आठवली, तरी ती म्हणाली, "नाही डॉक्टर. आज भांडायला आले, उद्या ॲपच काढून टाकतील."

दंतवैद्यांनी पुष्कळ वेळ विजेरी चालू-बंद केली. "बरं. सहा महिनेच. काम तुमचं." मग स्वर खाली आणून ते म्हणाले, "पण एकीपुरतं जुनं ठेवता येईल? आमच्या सासूबाई जावयाला सोडून पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात."

भावजयीने फोन बाहेर काढला.

"नंबर द्या," ती म्हणाली.