जाताना सहार: एका कमरपट्ट्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. कमरपट्टा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नवरीचा सोन्याचा दागिना येईल. मी तसला नाही. मी वीतभर रुंद, जाड कॅनव्हासचा आणि चामड्याचा आहे. मला बक्कल आहे ते लोखंडी. ओझी उचलणाऱ्या माणसाची कंबर जागच्या जागी राहावी म्हणून मला आवळून बांधतात. दागिना लग्नापुरता बाहेर येतो, मी मात्र वीस वर्षं रोज कामावर गेलो. उगाच मोठेपणा सांगत नाही, पण खरं ते सांगायला लाज कसली?

धारावीतल्या एका कारागिराने मला मेणाच्या दोऱ्याने शिवलं. मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो म्हणाला, "माणूस मोडेल, पण हा पट्टा नाही मोडायचा." ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक, कोंडिराम. जालन्याकडून आलेले, मुंबईच्या सहार विमानतळावर तेव्हाच दहा वर्षं मुरलेले लोडर. प्रवाशांच्या बॅगा विमानाच्या पोटात चढवायच्या आणि उतरवायच्या, हे त्यांचं काम. त्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, मान वाकवून बॅगा लावाव्या लागतात. कोंडिराम जड बॅगा खाली आणि हलक्या वर अशा लावत, की बघणाऱ्याला भिंत बांधल्यासारखं वाटे. टॅगवरची तीन अक्षरं पाहून कुठली बॅग कुठल्या देशाला निघाली हे ते बिनचूक सांगत. सोबतचे लोक म्हणत, "कोंडिरामला जग पाठ आहे." मग माझ्याकडे बघून म्हणत, "आजच्या दिवस पट्टा दे ना रे!" अशा वेळी मी आणखी ताठ होत असे.

पण सगळं जग पाठ असलेले कोंडिराम विमानाच्या वरच्या दाराने आत कधीच गेले नव्हते. प्रवासी वरून चढत आणि आम्ही खालून.

एके दिवशी एक बॅग आली. तिच्यावर जड सामानाची खूण नव्हती. कोंडिरामांनी ती नेहमीच्या अंदाजाने उचलली आणि तिथेच खाली बसले. कारागिराचं बोलणं खरं ठरलं. मी मोडलो नाही, ते मोडले. त्या दिवशी मी त्यांच्या कमरेवरच होतो, मित्रांनो. मी असताना हे झालं, याचं दुःख मला आजही आहे.

नंतर ते कामावर गेलेच नाहीत. औषधांच्या दुकानातला एक लवचिक, गुलगुलीत पट्टा त्यांच्या कमरेला आला आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. घर भाईंदर पश्चिमेहून काशीमीऱ्याजवळच्या सिल्व्हर पार्कला आलं, पेटी माळ्यावर चढली. अकरा वर्षं माझ्या अंगावर फक्त डांबरगोळ्यांचा वास होता.

मग एका रविवारी पेटी खाली आली. कोंडिरामांच्या पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. घरात मोठा बेत शिजत होता. त्यांचा मुलगा उदय आई-वडिलांना आणि मुलीला श्रीलंकेला, अनुराधापूरचा बोधिवृक्ष दाखवायला नेणार होता. कोंडिरामांची नात संघप्रिया कॉलेजात शिकते. तिने दाखल्याबरोबर मलाही बाहेर काढलं आणि दिवाणावर ठेवलं. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

पासपोर्ट आले आणि तिकिटांची चर्चा सुरू झाली. जायचं कुठून? उदय ठामपणे म्हणाला, "नवी मुंबईवरून जाऊ. नवीन एअरपोर्ट आहे, एकदम मस्त."

"पप्पा, वेडे झालात का?" संघप्रिया म्हणाली. "तिकडून फ्लाइट बदलावी लागतेय. आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक? काशीमीऱ्याहून सहार किती जवळ आहे आपल्याला!"

"मी सांगतोय ना, सहार नको."

कोंडिरामांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "मला काय, कुठून बी न्या," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "तुम्ही तिघं जावा. माझी कंबर मला एवढा वेळ बसू देत न्हाई."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं. त्यांची कंबर माझ्याइतकी कोणाला ठाऊक? रोज सकाळी ते सोसायटीला चार फेऱ्या मारत आणि दुपारभर खुर्चीत बसून पेपर वाचत. त्यांची पत्नी इंदूबाई चिडल्या, समजावून दमल्या. उदय म्हणाला, "अण्णा, तुमच्यासाठी तर चाललोय." पण कोंडिरामांनी पेपर तोंडापुढे धरला. तिकिटं अडली. अण्णा नाहीत तर कोणीच नाही, असं उदयने सांगून टाकलं आणि घरात अबोला धरल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी संघप्रिया मला मांडीवर घेऊन बसली. माझं बक्कल गंजलं होतं, त्याला ती खोबरेल लावत होती. "आजोबा, हा तुमचा ना? मग खरं सांगा. का नाही येत?"

कोंडिरामांनी माझ्या बक्कलावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं इमानाचं पोट बघितलं, पोरी. एकदा वाटत होतं, त्याच सहारवरून वरच्या दारानं जावं. पण उदयला लाज वाटत असंल. मोठा साहेब झालाय तो. तिथं एखादा जुना भेटला अन् 'काय कोंडिराम' म्हणाला, तर पोराला कसं वाटंल? म्हणून तर नवी मुंबई काढली त्यानं."

उदय स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"लाज? तुमची?" तो पुढे आला. "अण्णा, तुम्हाला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं तेव्हा मी गेटवर उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, मला धीर यावा म्हणून. मला ते गेट आजपण बघवत नाही. वाटलं, तुम्हाला पण ते नकोच असेल."

"आरं येड्या," कोंडिराम म्हणाले, "एक दिवस वाईट गेला. बाकीची तीस वर्षं चांगलीच की."

बापाला वाटलं मुलाला लाज वाटते, मुलाला वाटलं बापाला दुखतं. एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. डोळ्यांत पाणी आणायची सोय आम्हा पट्ट्यांना नाही, नाहीतर त्या दिवशी माझं चामडं भिजलं असतं.

संघप्रियाने लगेच फोन उघडला. "जाताना सहार, डायरेक्ट कोलंबो. येताना नवी मुंबई, म्हणजे आजोबांना नवीन एअरपोर्ट पण बघायला मिळेल. फायनल?"

"जायचं एका दारानं अन् यायचं दुसऱ्या? असं चालतं?" कोंडिरामांनी विचारलं.

"सगळं चालतं, आजोबा."

निघायच्या दिवशी त्यांनी गुलगुलीत पट्टा घरी ठेवला आणि शर्टाच्या आतून मला बांधलं. नवीन भोक पाडावं लागलं, कारण माणूस वाळला होता. गेटपाशी उदय क्षणभर थांबला. कोंडिरामांनी त्याचा हात धरला आणि दोघं आत गेले.

सामानाच्या काउंटरवर बॅग काट्यावर चढली. तीस किलोची मुभा होती, बॅग भरली एकोणतीस. इंदूबाई खूश झाल्या. इतक्यात कोंडिराम म्हणाले, "उतरव ती. उघड."

लोणच्याच्या बरण्या, चिवड्याचे डबे, इस्त्री, सगळं तिथेच फरशीवर आलं. अर्धं सामान दुसऱ्या बॅगेत गेलं आणि इस्त्री गेटबाहेर निरोप द्यायला थांबलेल्या शेजाऱ्याकडे परत गेली. मागे रांग लागली. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "अंकल, लिमिटमध्येच होती बॅग."

"तुझ्या लिमिटात होती, पोरी," ते म्हणाले. "पण खालच्याच्या कंबरेचं काय?"

मग ते वरच्या दाराने विमानात गेले. उंबरठ्यावर थांबून त्यांनी दाराला हात लावला. उजवीकडची खिडकी त्यांनी मागूनच घेतली होती, कारण सामान त्याच बाजूने चढतं. खाली एक तरुण लोडर वाकला होता. त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. आमची बॅग आली. त्याने दम रोखून ती उचलली आणि ती सहज वर आली, तसा तो हसला.

कोंडिरामांनी शर्टावरून मला घट्ट दाबलं. अकरा वर्षांनी मला पुन्हा कामावर आल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी दूरच्या देशाला जाल. कुठून निघायचं आणि कुठे उतरायचं हे ठरवाल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा मनापासून विचारा. 'कुठून बी न्या' म्हणाले तरी पुन्हा विचारा. आणि बॅग भरून झाली की ती स्वतःच्या हाताने एकदा उचलून बघा. तुम्हाला ती एकदाच उचलायची असते, पण खालच्या माणसाला दिवसभर तसल्या शेकडो उचलायच्या असतात.