मड्डमेचा आवाज

नुआलाच्या कपाळाच्या वरच्या कडेला, जिथून तिचे तांबूस केस सुरू होतात तिथेच, गोंदाची एक वाळलेली रेघ राहून गेली होती – पातळ, सुरकुतलेली, एका टोकाला सुटून जराशी वर आलेली – आणि चंद्रमती मघापासून तिच्याकडेच बघत होती, कॉफीचा टंबलर हातात तसाच. बोट पुढे करून ती रेघ नखाने सोलून काढावी असं तिला अनावर वाटत होतं. टोपाचा गोंद. पिवळ्या केसांचा टोप. नुआलाने चपला काढता काढताच सांगून टाकलं होतं की सिनेमातल्या मड्डमेचे केस पिवळे हवेत, तांबडे चालत नाहीत, तांबडे म्हणजे मेंदी लावल्यासारखे दिसतात. आयर्लंडहून आलेली खरीखुरी गोरी बाई, आणि तिला गोरी दिसायला टोप घालावा लागतो! चंद्रमतीला हसू येणारच होतं, पण तेवढ्यात नुआला पुढचं बोलली.

"अक्का, मज चुकीचं बोलायला शिकवा."

चुकीचं, म्हणजे मड्डमेसारखं मोडकं तमिळ. उद्या सकाळी अकराला मद्रासला तिच्या आवाजाची परीक्षा होती. आतापर्यंत चार सिनेमे झाले, आणि चारही सिनेमांत ओठ नुआलाचे हलले, आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा आला. आता केबलवरची मालिका होती, दर आठवड्याला, दोन वर्षं चालेल अशी. तिच्यात कलेक्टरच्या बायकोचं मोठं काम. निर्मात्याचं म्हणणं होतं की मड्डम बोलते तसं बोलता आलं तर तुझाच आवाज ठेवू, नाहीतर नेहमीची डबिंगवाली आहेच. मागच्या आठवड्यात तिने बोलून दाखवलं तेव्हा अख्खा स्टुडिओ हसत सुटला होता. दिग्दर्शक म्हणाला होता – हे तिने इडली दह्यातल्या डांगर पच्चडीत बुडवता बुडवता, अगदी मजेत सांगितलं – की ही कसली मड्डम, ही तर तंजावरच्या मराठी रावांच्या घरातली म्हातारी बोलतेय.

रावांच्या घरातली म्हातारी. म्हणजे मीच की. दुसरी कोण?

चंद्रमती उठली आणि काहीतरी आणायचं आहे अशा थाटात स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आणायचं काहीच नव्हतं. तीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना या गावात येऊन, घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि त्या बाहेरच्या तमिळला घरच्या मराठीचा एक हेल – वाक्याच्या शेवटी जरा रेंगाळणारा – जो आम्हांला ऐकू येत नाही आणि उरलेल्या सगळ्या गावाला येतो. बाविसाव्या वर्षी ती रेडिओवरच्या निवेदिकेच्या जागेसाठी परीक्षेला गेली होती, तेव्हा काचेपलीकडच्या गृहस्थाने फार सभ्यपणे सांगितलं होतं की अम्मा, गाणं छान आहे, गात राहा, बोलायचं मात्र राहू द्या. झालं! त्या दिवसापासून तिने तो हेल घासून काढायला घेतला. शेजारच्या राजममामीचं बोलणं खिडकीशी बसून ऐकलं. लग्नानंतर सेतुमाधवरावांशीसुद्धा सकाळचा तासभर तमिळच बोलायची. ते बिचारे पेपराआडून हूं हूं करायचे. कधीतरी चाळिशीत तिला वाटलं, गेला. आता नाव नाही. आणि मग ही पोरगी शिकायला आली, तेव्हा गाण्याबरोबर हिला बोलणंही शुद्ध द्यायचं, म्हणून तिचा एकेक शब्द पारखून घेतला... गेला कुठला! तो सहा वर्षं हिच्या गळ्यात उतरत होता, आणि मूर्ख बाई, मी खुशीत होते.

बाहेर नुआला एकटीच काहीतरी गुणगुणत होती, खालच्या पट्टीत. खालच्या पट्टीत अजूनही तिचा आवाज ऐकत राहावा असा होता.

पोरगी म्हणायची तरी नव्वद साली आली तेव्हाच ती बत्तीस वर्षांची. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावची, बाप मासे धरणारा. रविवारी चर्चमध्ये गायची. एकोणिसाव्या वर्षी घरातून पळून डब्लिनला गेली, चार पोरांच्या बँडमध्ये उभी राहिली, आणि एका उन्हाळ्यात तिचं एक गाणं त्या सगळ्या देशात वाजत होतं – रेडिओवर, गुत्त्यांत, लोकांच्या लग्नांत. मग गळ्यात गाठ आली. डॉक्टरने सहा महिने बोलायचंही नाही म्हणून बजावलं, आणि त्या सहा महिन्यांत बँडवाल्यांनी दुसरी मुलगी आणून तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. "कुणाला कळलं नाही, अक्का." तेव्हा तिची मराठी नवी होती, एवढं एकच वाक्य तिला धड जमलं होतं, ते तिने माडीच्या जिन्यावर बसून तीनदा म्हटलं होतं, आणि चंद्रमतीने – काय करावं या सवयीला! – तिसऱ्यांदा तिचा 'ळ' दुरुस्त केला होता.

दुसऱ्या देशाचं गाणं शिकलं तर गळा नवा मिळेल, असं काहीतरी मनात धरून ती शिष्यवृत्ती घेऊन इथे आली. मिळाला नाही. वरचा षड्ज लागायचा तो चिरफाळून. दुसऱ्याच महिन्यात चंद्रमतीला कळून चुकलं होतं की हिची कच्चेरी, लोकांपुढे गाण्याची मैफल, कधी होणार नाही... आणि हे मी तिला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. घरात मराठी बोलणारं माणूस आलं होतं. प्रणवेश, माझ्या पोटचा, बंगळूरहून फोन करतो तो तमिळमध्ये. मी मराठीत विचारते, तो तमिळमध्ये उत्तर देतो, जेवलास का, साप्टाच्चु. आणि ही परक्या मुलुखातली बाई सकाळी जिन्यावरून उतरता उतरता विचारायची, अक्का, आज सार कशाचं? मी कशाला सांगते तिला, की बाई गं, जा तू, इथे तुझं काही व्हायचं नाही?

शेवटी सांगितलं ते सिनेमावाल्यांनीच. राजवाड्यात शूटिंगला आले, नाचाच्या प्रसंगासाठी गोरी माणसं गोळा करत होते, ही गंमत म्हणून गेली आणि मद्रासला गेली ती राहिलीच. पहिला सिनेमा लागला तेव्हा चंद्रमती राजममामीला घेऊन मॅटिनीला गेली होती. पडद्यावर नुआलाने तोंड उघडलं, आणि आतून एक चिरका, लाडिक, कुणाचा कोण जाणे असा आवाज आला. राजममामी म्हणाली, किती गोड बोलते हो तुमची शिष्या. चंद्रमती मध्यंतरातच घरी आली. डोकं दुखतंय म्हणाली.

आता ती स्वयंपाकघरात उभी होती आणि तिला नक्की ठाऊक होतं की नको म्हणता येणार नाही. नको म्हटलं तर उद्या अकरा वाजता त्या पोरीचा आवाज दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी कायमचा. हो म्हटलं तर... तर काय? सहा वर्षांत जे दिलं ते आपल्याच हाताने काढून घ्यायचं. दोन्हीकडून माझंच जाणार होतं. तिला राग आला, फार राग आला, पण तो कुणावर काढावा हेच कळेना. दिग्दर्शक काही खोटं बोलला नव्हता.

बाहेर येऊन ती चटईवर बसली आणि म्हणाली, वाक्य सांग.

कलेक्टरची बायको माळ्याला म्हणते, हे झाड तोडू नकोस. इंद मरत्तै वेट्टादे. नुआलाने ते म्हटलं, आणि चंद्रमतीने आयुष्यात पहिल्यांदा ते त्या स्टुडिओतल्या माणसांच्या कानांनी ऐकलं. शेवटचा स्वर रेंगाळला. जरासाच. आई परसातून हाक मारायची तेव्हा असाच रेंगाळायचा – ती गेली त्याला आता एकतीस वर्षं होतील. पुन्हा म्हण, असं ती म्हणाली, शिकवण्यासाठी नव्हे, केवळ ऐकण्यासाठी. आणि मग तिसऱ्यांदाही म्हणवून घेतलं.

मड्डम कशी बोलते हे तिला ठाऊक होतं. मिशनच्या शाळेत एक गोरी मदर होती, चाळीस वर्षं या मुलुखात काढलेली, आणि तरी प्रत्येक तमिळ शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा वेगवेगळा बोलणारी. अकरा वर्षांच्या चंद्रमतीने एकदा मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून तिची हुबेहूब नक्कल केली होती. वर्ग लोटपोट हसत असताना मागे दारात मदर उभी. मारलं नाही तिने. पुन्हा कर म्हणाली. आणि चंद्रमतीने पुन्हा केली, तीही चोख, कारण चुकीची करणं तिला जमतच नसे. मदर ऐकत राहिली. "असं बोलते मी?" एवढंच तिने विचारलं, आणि निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती वर्गात फार कमी बोलायची. पंचेचाळीस वर्षं मी हा प्रसंग खोडकरपणा म्हणून सगळ्यांना सांगत आले.

तो आवाज अजून जागच्या जागी होता. चंद्रमतीने तोंड उघडलं आणि मदरच बाहेर आली, तिच्या सगळ्या ठेचकाळणाऱ्या व्यंजनांसकट. नुआला हसून हसून आडवी झाली. माझी मावशी, अक्का, ही तर गावाकडची माझी मावशी, असं म्हणत डोळे पुसायला लागली. चंद्रमतीही हसली – हसू आलं हे खरं, दोघी अगदी पोट धरून हसल्या, राजममामी खिडकीतून विचारायला लागली काय झालं म्हणून. आणि मग नुआला सरळ बसली, डोळे मिटले, नेहमी धडा घ्यायला मिटायची तसे, आणि म्हणायला लागली.

पहिल्यांदा चुकलं, म्हणजे बरोबर आलं. दुसऱ्यांदा निम्मं निम्मं. चंद्रमतीची दोन बोटं सवयीने वर व्हायची, थांब, पुन्हा. आणि प्रत्येक वेळी काहीतरी पुसलं जायचं, आधी तो शेवटचा रेंगाळणारा स्वर, मग दोन शब्दांमधली जवळीक, मग महिनोन्‌महिने घोटून घेतलेला ण. किती चटकन शिकते ही! गाण्यात कधी इतकी चटकन शिकली नाही. साडेबारापर्यंत चटईवर एक अस्सल मड्डम बसलेली होती, कलेक्टरची बायको, काल बोटीतून उतरलेली.

मग जेवताना तिने ताक मागितलं, मराठीतच, पण त्याच आवाजात. चंद्रमतीने दचकून वर पाहिलं. नुआला म्हणाली की उद्या अकरापर्यंत तो सुटू द्यायचा नाही, तमिळ असो, मराठी असो, झोपेतसुद्धा. दोन बोटं वर गेली होती. चंद्रमतीने ती खाली घेतली आणि ताक वाढलं.

दुपारभर घरात तो आवाज हिंडत राहिला. पंखा जोरात लावू का, अक्का. प्रणवेश कसा आहे. माझ्या खोलीत आता काय ठेवलंय. सगळं मराठीत, आणि प्रत्येक शब्द चिमट्याने उचललेला. चंद्रमती उत्तरं देत होती, तुटक, कारण तोंड उघडलं की आता आपलाही हेल आपल्याला ऐकू येतो हे तिच्या लक्षात आलं होतं. पूर्वी बोलणं नुसतं बोलणं होतं. आता ऐकावंही लागत होतं.

चारला रिक्षा आली. नुआला वाकून पाया पडली. गोंदाची ती रेघ तिने अंघोळीच्या वेळी काढून टाकली होती, कपाळ स्वच्छ होतं. उभी राहून ती म्हणाली, "येत्यें, अक्का." मड्डमेच्या आवाजात.

एकदाच नीट म्हण गं. एकदाच. जिभेवर आलेलं होतं, ओठांपर्यंत आलेलं... आणि चंद्रमतीला ठाऊक होतं की आपण म्हटलं तर ती म्हणेल, लगेच म्हणेल, कारण सहा वर्षांत अक्काचा शब्द तिने मोडलेला नाही. आणि एकदा म्हटलं की सकाळपासूनचं सगळं निसटेल, मग उद्या अकरा वाजता स्टुडिओ पुन्हा हसेल. रिक्षावाला घाई करत होता. नीट जा, असं चंद्रमती म्हणाली. पोचल्यावर फोन कर.

रिक्षा वळल्यावरही ती ओट्यावरच बसून राहिली. समोरच्या घराच्या गच्चीवरून केबलची तार या घराच्या गच्चीवर आली होती. दोन महिन्यांनी तिच्यातूनच तो आवाज येईल, आला तर, आणि राजममामी म्हणेल, अगदी मड्डम बोलते हो. तो आवाज नुआलाचाच असेल. कुणी विचारलं तर तसं सांगता येईल. मी दिला म्हणून मात्र सांगता येणार नाही.

तिने हळूच म्हणून पाहिलं, कुणी नाही असं बघून, येत्यें. पुन्हा म्हटलं. ऐकलं. कुणीतरी म्हातारी बाई, रावांच्या घरातली, लांबून, काचेपलीकडून बोलत होती.

पाच वाजले असावेत. पायऱ्यांखाली संध्याकाळच्या वर्गाच्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतली शांभवी, रोज सगळ्यांत आधी येणारी, विचारत होती, "मामी, आत येऊ?" चंद्रमतीने तोंड उघडलं. शब्द तयार होता, रोजचाच, एका अक्षराचा. पण तो बाहेर पडायच्या आधीच तिला हेलासकट ऐकू आला, आणि तिने तोंड मिटलं. मुली वाट बघत होत्या. मग तिने हात वर केला आणि नुसती खूण केली, आत या म्हणून.