अर्धा आटा

"हळू घे. मागून आवाज येतोय," बाबा म्हणाले.

आवाज तिलाही ऐकू येत होता. मागच्या डाव्या चाकातून कट्-कट् असा तो येत होता, आणि बहुतेक अख्ख्या रस्त्याला ऐकू जात होता. ती आधीच गाडी रांगत्या वेगानं गॅरेजकडे नेत होती. मागचे लोक हॉर्न वाजवून तिचा उद्धार करत होते, आणि जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेले बाबा शेजारी बसून तिला गाडी चालवायला शिकवत होते.

ती एका लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. आज डिकीत पेटी ठेवायला वाकली, तर चाकाच्या चार नटांपैकी एकाची जागा रिकामी. नट गेला होताच, पण नट ज्याच्यावर बसतो तो बोल्ट, म्हणजे स्टडही मुळापासून तुटला होता. तिकडे म्हातारी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेली. लॅबमध्ये फोन केला, तर साहेबांनी फोनवरच डोकं खाल्लं.

दोष कुणाचा, याबद्दल तिला काडीची शंका नव्हती. गेल्या महिन्यात पंक्चर झालं तेव्हा चाक बाबांनी बदललं होतं. गॅरेजवाल्याला बोलावू द्यायला ते तयारच नव्हते. बाबा पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. सगळा जन्म रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडण्यात आणि आवळण्यात गेला. आवळून झालं तरी त्यांचं समाधान होत नसे. "अजून अर्धा आटा," असं पुटपुटत ते आणखी एक पीळ द्यायचे. खात्यात त्यांचं नावच 'अर्धा आटा' पडलं होतं. घरात बरण्यांची तीच गत. आई होती तोवर बरणी काखेत मारून शेजाऱ्यांकडे उघडून आणायला जायची. ती स्वतः लहानपणी तोंडाला पेस्टचा फेस घेऊन बेसिनपाशी उभी राहायची आणि नळ उघडायला बाबांना हाका मारायची. अलीकडे स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला होता. आवळून आवळून आतला वायसर खाल्ला असणार, म्हणून तिनं तोही गुन्हा बाबांच्याच नावावर टाकला होता.

"तुमच्या त्या अर्ध्या आट्यानं तोडला तो स्टड," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं, इतकं आवळू नका."

एरवी बाबा भांडले असते. आज खिडकीबाहेर बघत म्हणाले, "झालं असेल जरा जास्त घट्ट."

ते जवळजवळ खूश दिसले. त्यामुळे ती आणखीच वैतागली.

गॅरेजवाला मिस्त्री मोजकंच बोलणारा होता. त्यानं चाक पाहिलं आणि स्टड समोरच्या दुकानातून आणायला सांगितलं. बाबा लगेच उठले. तुटलेल्या स्टडशेजारचा एक नट नमुन्याला काढून द्या म्हणाले. मिस्त्रीनं पाना लावला आणि थबकला. मग पाना बाजूला ठेवून नट नुसत्या बोटांनी फिरवत काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला. बाबा तो मुठीत धरून रस्ता ओलांडून गेले.

"चाक कुणी बसवलं होतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"वडिलांनी. फार आवळतात हो ते."

"आवळतात? बाकीचे दोन्हीही हातानं सुटतायत." त्यानं चाक उतरवून तिला भोकं दाखवली. कडा घासून लांबट झाल्या होत्या. "चाक सैल होतं म्हणून हलत राहिलं, आणि हलून हलून स्टड तुटला. नशीब समजा. चाक निघून पडलं असतं. त्यांना हात लावू देऊ नका आता."

महिनाभर ती याच चाकावर गावभर फिरली होती. बाबांचा राग येण्याआधीच तिला नळ आठवला, आणि मग त्यांचा राग करता येईना. त्या मनगटांतलं बळ कधी ओसरलं, हे एका घरात राहून तिला कळलं नव्हतं. आणि ते स्वतः मात्र सकाळपासून 'जास्त घट्ट'चा आळ आनंदानं डोक्यावर घेऊन बसले होते.

मिस्त्रीनं चाकामागचा ब्रेकचा ड्रम काढून हातोडीनं तुटका तुकडा मागे ठोकून पाडला. बाबा नवा स्टड घेऊन आले. तो मागून घालून, पुढून वायसर आणि नट लावून मिस्त्रीनं तो खेचत जागेवर बसवला. बाबा बराच वेळ हे बघत उभे होते.

"बाकीचे नट कसे होते?" त्यांनी हळूच विचारलं.

मिस्त्रीनं तोंड उघडलं. ती त्याच्या आधी बोलली.

"कसे असणार? पान्याला पाइप लावून सोडवावे लागले मिस्त्रींना. पुढच्या वेळी तुम्ही हातच लावायचा नाही चाकाला. सगळे स्टड तोडून ठेवाल."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मान खाली घालून चाक चढवायला लागला.

"नाही लावणार," बाबा म्हणाले. "सवयच तशी लागलीय."

घरी आल्या आल्या बाबांनी सिंकपाशी हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. नळ ठिबकत होता. तिनं दोन बोटांनी तो किंचित फिरवला. ठिबकणं थांबलं. वायसर चांगलाच होता. त्या कोरड्या तोटीकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले.

मग तिनं डोळे पुसले आणि नेहमीच्या वैतागलेल्या आवाजात हाक मारली, "बाबा, काय नळ आवळून ठेवलाय! उघडत नाहीये मला."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब, आलो," बाबा म्हणाले.

त्यांची पावलं दाराशी पोचेपर्यंत तिनं नळ हळूच सैल केला आणि बाजूला सरकून उभी राहिली.